भाडें आणि ऋण

उन्हाळ्यांत चार दिवस थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन राहणें ही मध्यम स्थितीच्या कुटुंबांतही आतां वहिवाट होऊन बसली आहे. पूर्वीं प्रवास घडे तो बहुधा यात्रेच्या निमित्तानें, आणि मुक्काम पडे धर्मशाळेंत किंवा कोणा गृहस्थाच्या ओसरीवर. तेथें उतरणारा तो अतिथि. ज्याचें राहणें नित्य नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड मनुस्मृतींत आहे. लॉजमध्यें उतरणाराचें राहणेंही अनित्यच असतें. पण त्याला कोणी अतिथि समजत नाहीं व तोही स्वतःला समजत नाहीं. भाडें चुकतें केलें, पावती खिशांत घातली, कीं आपल्याकडे कोणाचें कांहीं देणें उरलें नाहीं, अशी त्याची खात्री असते. ही खात्री कितपत खरी, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे.

उदाहरणादाखल माथेरान पाहूं. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांची या डोंगरावर १८५० सालीं दृष्टि गेली, आणि १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर चढली. तेव्हांपासून मुंबईकरांस हा डोंगर घरचाच झाला. सुमारें ८०० मीटर उंचीवरील या गांवांत खासगी मोटारींस मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून पुढें तांबड्या मातीची वाट धरावी लागते. या मज्जावामुळें तेथील झाडी व शांतता टिकली यांत संशय नाहीं, आणि तो उठावा असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. परंतु मोटार जें ओझें वाहत नाहीं तें वाहिल्यावांचून राहतें थोडेंच! लॉजमधील गादी, पोळ्यांचें पीठ, पाहुण्यांच्या पेट्या, यांतील पुष्कळसें सामान घोड्याच्या पाठीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून जातें. आणि ज्यांस चालवत नसे, किंवा चालावेसें वाटत नसे, तीं माणसेंही वर्षानुवर्षें हातरिक्षेंत बसून माणसांकडूनच ओढविलीं जात. एकानें पुढून ओढावयाचें, इतरांनीं मागून रेटावयाचें. मग चढ असो कीं चिखल असो.

या रिक्षेंत बसावें कीं न बसावें याचा खल पुष्कळ सुशिक्षितांनीं मनाशीं केला असेल. बसलें तर मन खातें, न बसलें तर ओढणाराची मजुरी बुडते. ‘आपण बसलों नाहीं तर त्याची चूल पेटणार कशी?’ हा युक्तिवाद ऐकतांना दयेचा वाटतो. पण तो करणारानें ओढणाराला काय हवें हें विचारलें होतें काय? रिक्षा ओढणारांच्या संघटनेनेंच ई-रिक्षांची परवानगी मागितली होती. घोडेवाल्यांनीं तिला विरोध केला, कारण त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता. तो आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरविली, ती सहा महिन्यांत बंद करण्यास सरकारास सांगितलें, आणि ओढणारांस ई-रिक्षा देऊन त्यांच्या उपजीविकेची सोय लावण्याचीही आज्ञा केली. पैसा नाहीं ही सबब चालणार नाहीं, असेंही बजावलें. तोंपर्यंतचीं सारीं वर्षें लोक त्या रिक्षेंत बसत होते, आणि दर खेपेस ठरलेलें भाडें देतच होते.

रिक्षा निदान डोळ्यांस दिसे. लॉजच्या खोलींत तेंच नातें भिंतीआड जातें. पहांटे दाराशीं गरम पाण्याची बादली येते; ती आणणारा केव्हां उठला हें पाहुण्यास ठाऊक नसतें. दर ठरला तो दोन्ही पक्षांच्या राजीखुषीनें, असें अर्थशास्त्र सांगेल. पण त्यांतील एक पक्ष करमणुकीसाठीं आला आहे आणि दुसरा पोटासाठीं. त्या दोघांची राजीखुषी एकाच मापाची कशी म्हणावी? भाड्यानें खोलीची किंमत पोंचते, श्रमाचा कांहीं अंश पोंचतो, आणि बाकी राहते. ती बाकी निघतांना बक्षिसीनें फेडतां येते, असें पुष्कळांस वाटतें. बक्षिसी द्यावी, सढळ हातानें द्यावी. पण तिच्यांत एक खोड आहे. जो ऋणको होता तो तिच्या योगानें क्षणांत दाता होतो, आणि सलाम घेऊन परत फिरतो.

तेव्हां प्रवासच सोडून द्यावा काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. गांवाचा चरितार्थच पाहुण्यांवर चालतो. मात्र बाकी आहे एवढें जाणणारा पाहुणा पेटी हलकी भरतो, नळ उघडा टाकीत नाहीं, मध्यरात्रीं चहासाठीं हांक मारीत नाहीं. या बारीकसारीक गोष्टी आहेत हें कबूल. पण याहूनही बारीक एक गोष्ट आमच्या मनांत सलते. घरीं आपण पोरांना शिकवितों, पिकल्या केसांच्या गड्यासही ‘मामा’ म्हणावें, ‘काका’ म्हणावें. तींच पोरें लॉजच्या व्हरांड्यांत उभीं राहून आजोबांच्या वयाच्या माणसाला ‘ए, इकडे ये’ म्हणतात, आणि शेजारीं वर्तमानपत्र वाचीत बसलेले वडील मान वर करीत नाहींत.