‘माणूस माणसांमुळे माणूस’ : म्हणीचे सत्य आणि तिचा वक्ता

म्हण खरी की खोटी, हा प्रश्न वरवर पाहता सरळ वाटतो. परंतु म्हण हे केवळ विधान नसते; ती कोणीतरी, कोणाला तरी उद्देशून, विशिष्ट प्रसंगी केलेली उक्ती असते. त्यामुळे तिची सत्यता प्रसंगनिरपेक्षपणे तपासता येत नाही. झुलू व तिच्या भगिनीभाषांतील ‘उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू’ या म्हणीची आधुनिक काळातील वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘माणूस माणसांमुळे माणूस असतो’ असा या म्हणीचा ढोबळ अर्थ. ‘बांटू’ हे भाषाकुलाचे नाव ज्या शब्दावरून आले, तोच ‘माणसे’ या अर्थाचा शब्द तिच्या शेवटी आहे. ‘माणूस’ हा शब्द तीत एकवचनी दोनदा येतो. पहिला जन्माने माणूस, दुसरा योग्यतेने. हा भेद केला नाही तर म्हण निव्वळ पुनरुक्ती ठरेल. मराठी वाचकाला हा भेद परका नाही. ‘तो माणूसच नव्हे’ असे आपण जन्माने माणूस असलेल्याविषयीच म्हणतो. ‘माणसातून उठणे’ या वाक्प्रचारातही माणूसपण हे इतरांच्या सहवासात टिकणारे मानले आहे.

योग्यता मिळवावी लागते असे म्हटले की ती देणार कोण, हा प्रश्न उद्भवतो. नायजेरियन तत्त्वचिंतक इफेआन्यी मेन्किटी यांनी १९८४ मध्ये, व्यक्तिपण हे समाजात क्रमाने प्राप्त होते, अशी मांडणी केली. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी तीवर आक्षेप घेतला. समाजाला इतके प्राधान्य दिले तर व्यक्तीचे हक्क गौण ठरतात, हा त्या आक्षेपाचा गाभा होय. हा वाद महत्त्वाचा आहे. तथापि म्हण कोण उच्चारतो, या प्रश्नाला तो पुरेसा भिडत नाही.

या प्रश्नाची कसोटी दक्षिण आफ्रिकेत लागली. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या उपसंहारात ‘उबुंटू’ म्हणजे माणूसपण हा शब्द समाविष्ट झाला. १९९५ मध्ये मक्वान्याने खटल्यात घटनात्मक न्यायालयाने फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरविली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी या संकल्पनेचा आधार घेतला. येथे राज्यसंस्था ही म्हण स्वतःलाच ऐकवत होती. खुन्याचेही माणूसपण नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सत्ताधारी पक्षाने स्वतःवर घातलेले हे बंधन होते.

पुढच्याच वर्षी दिशा उलटली. सत्य व समेट आयोगाच्या कायद्यानुसार, राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली देणाऱ्यास माफी मिळू शकत होती. पश्चात्ताप ही तिची अट नव्हती. माफी मिळताच फौजदारी खटला आणि नुकसानभरपाईचा दावा, दोन्ही मार्ग बंद होत. १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काहींनी या तरतुदीला आव्हान दिले. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याच उपसंहाराच्या आधारे ते फेटाळले. आता म्हण ऐकवली जात होती ती पीडितांना.

या तडजोडीवाचून सत्तांतर शांततेने झाले नसते आणि सत्यही दडलेले राहिले असते, हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु तो राजनीतीचा युक्तिवाद आहे, म्हणीचा नव्हे. तडजोड अपरिहार्य होती असे मान्य केले, तरी ‘क्षमा कराल तरच तुम्ही खरे माणूस’ असे अन्याय सोसलेल्याला सुचविणे वेगळे. म्हणीप्रमाणे माणूसपणाचा भार सर्वांनी मिळून वाहायचा असतो. प्रत्यक्षात तो एकाच बाजूवर पडला. माफी मिळताक्षणी लागू होई. भरपाई मात्र रखडली. सहा वर्षे वार्षिक अनुदान द्यावे ही आयोगाची शिफारस बाजूला ठेवून सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड जाहीर केले.

म्हणीतील ‘माणसे’ कोण, हा प्रश्न २००८ च्या मे महिन्यात अधिक क्रूरपणे पुढे आला. जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीतून सुरू झालेल्या परकीयविरोधी हिंसेत साठांहून अधिक जण मारले गेले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. ज्यांच्यामुळे आपण माणूस होतो त्यांची यादी समूहानेच ठरवायची असेल, तर तोच समूह तीमधून कोणाचेही नाव खोडू शकतो. ग्येक्ये यांची भीती येथे अनाठायी वाटत नाही.

तेव्हा ही म्हण आधुनिक जीवनात खोटी ठरली, असे म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. मक्वान्याने खटल्यात ती खरी ठरली, कारण तेथे उच्चारणाऱ्यानेच तिची किंमत मोजली. बलिष्ठाने स्वतःला, बहुसंख्याने उपऱ्याच्या संदर्भात स्वतःला ती ऐकवावी. तेथे तिचे सत्य शाबूत आहे. दुबळ्याकडून आणखी एक त्याग मागण्यासाठी ती वापरली गेली की शब्द तेच राहतात, पण म्हण बदलते. म्हणींच्या अभ्यासात अर्थाबरोबरच वक्ता आणि श्रोता यांची नोंद का आवश्यक आहे, याचे याहून गंभीर उदाहरण क्वचितच सापडेल.