उजव्या बरगड्यांखाली

सावकाश बसा. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर तळहात ठेवा. आत यकृत आहे. प्रत्येक श्वासाला ते थोडं खाली सरकतं, पुन्हा वर येतं. दोनचार श्वास एवढंच जाणवू द्या.

आता आणखी आत चला. यकृतपेशी आणि रक्ताची बारीक वाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ताराकृती पेशी आहेत. १८७६ साली शरीररचनातज्ज्ञ कुप्फर यांना त्या सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या कापात दिसल्या. एरवी त्या शांत असतात, पोटात अ जीवनसत्त्वाचे थेंब सांभाळत.

दारू, काविळीचा विषाणू, साचलेली चरबी. इजा वर्षानुवर्षं होत राहिली की याच पेशी पालटतात. पीडीजीएफ हे वाढीचं प्रथिन हाक घालत असतं. ती ऐकायला पेशीच्या अंगावर ग्राही लागतो. शांत पेशीवर तो नसल्यातच जमा. इजा झाली की ग्राहीचं जनुक जागं होतं, संदेश म्हणून आरएनए तयार होतो, पेशी वाढतात आणि कोलॅजन विणत सुटतात. जखम भरायला निघालेली ही धडपडच यकृताला निबर करते. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. तुम्हीही थांबा.

तो संदेश पाहायचा कसा? सुईने काढलेला, यकृताचा दोऱ्याएवढा तुकडा. आरएनए फार नाजूक. आपल्या बोटांवरची विकरंही त्याला कुरतडतात, म्हणून हातमोजे, म्हणून घाई. मेणात बसवून सुमारे पाच मायक्रॉनचा काप काचेवर घ्यायचा. त्यावर संदेशाची उलटी प्रत, अक्षराला अक्षर जुळणारी, खूण लावून सोडायची. १९६९ साली गॉल आणि पार्ड्यू या जीवशास्त्रज्ञांनी ही वाट दाखवली. रात्रभर ती प्रत आपली जोडी शोधते. तुकडा वाटून पीसीआर केला तर आकडा मिळतो, पण हाक कुणी, कुठे ऐकली ते हरवतं. मला ती जागा मोलाची वाटते.

सकाळी आधी दुसरी काच पाहा, न जुळणारी प्रत लावलेली. ती कोरीच असली पाहिजे. मग पहिली: व्रणाच्या पट्ट्यांच्या कडेने खुणेचा जांभळा रंग. तो तुकडा कुणाच्या तरी बरगड्यांखालून आलाय. जरा वेळ त्या माणसाजवळ बसा.

इजा थांबली तर? उंदरांच्या यकृतात २०१२ साली दिसलं, की यातल्या बऱ्याच पेशी पुन्हा निवतात. पूर्वीइतक्या गाढ मात्र नाही. पुढच्या इजेला त्या लवकर जाग्या होतात.