शासनाचे देणे कोणी फेडावे?

राजाच्या हातून अपराध घडत नाही, हे इंग्रजी कायद्यातील जुने गृहीतक. राजा गेला, तरी त्याची छाया आपल्याकडे रेंगाळली. १९६४ साली कस्तुरीलाल खटल्यात, पोलिसांच्या ताब्यातून सोने नाहीसे होऊनही सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर भरपाई लादली नाही. पुढे १९८३ मध्ये, निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या रुदल शाह यांना त्याच न्यायालयाने भरपाई देवविली. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेला जीविताचा हक्क शासनाने तुडविला, तर त्याची किंमत शासनाने मोजावी, हा मार्ग तेव्हा मोकळा झाला.

मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश याच मार्गावरचा आहे. रस्त्यातील खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असे न्यायालयाने ठरविले. आमचे मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावरचे गाव. दवाखाना, बाजार, कॉलेज यांसाठी ज्यांना रस्ताच धरावा लागतो, त्यांना जीविताच्या हक्कात सुरक्षित रस्ता का येतो, हे समजावून सांगावे लागत नाही.

परंतु येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. सरकारी तिजोरीतील पैसा कोणाचा? मृताच्या विधवेने साबणाची वडी घेताना भरलेला करही त्यात असतो. भरपाई केवळ तिजोरीतून गेली, तर पीडितच आपली भरपाई भरतो आणि दोषी मात्र कोरडा राहतो. म्हणूनच ही रक्कम पुढे जबाबदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करावी, हा त्या आदेशाचा भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

यावर आक्षेप घेतला जाईल की, अशाने वरिष्ठ सुटतील आणि एखादा कनिष्ठ अभियंता बळी जाईल. भीती अनाठायी नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: दुःखी कुटुंबाला शासनाने आधी द्यावे, मग नीट चौकशी करून खऱ्या दोषीकडून घ्यावे.

जक्कय हाही सरकारी वसुलीवरचाच माणूस होता. फसवणुकीने घेतलेले चौपट परत करीन, असे तो म्हणाला, आणि तेही रोमच्या तिजोरीतून नव्हे, स्वतःच्या पदरचे. पापनिवेदन केले, तरी परतफेडीचे कर्तव्य उरतेच, ही आपली शिकवण आहे. आपल्या घरांतही ठेकेदार आहेत, अभियंते आहेत, देयकांवर सही करणारे आहेत. न झालेल्या कामाच्या देयकावर सही करताना, या रस्त्याने आपलेच कोणी जाणार आहे, एवढे त्यांनी आठवावे. न्यायालयाचा आदेश अपघातानंतर येतो. विवेकाला मात्र त्याआधी बोलता येते.