खाट एकट्याने उचलत नाही



कफर्णहूम गावातल्या पक्षघाती माणसाची हकिगत (मार्क २:१-१२) आपण अनेकदा ऐकली आहे. चौघांनी त्याची खाट उचलून आणली. गर्दीतून वाट मिळेना, म्हणून छप्पर उघडून त्याला प्रभू येशूपुढे खाली सोडले. प्रभूने त्या चौघांचाही विश्वास पाहिला. आपण मात्र बरा झालेला माणूस लक्षात ठेवतो आणि खाट उचलणाऱ्यांना विसरतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातही घरोघरी अशा खाटा आहेत. पण त्या बहुधा एकटी बाईच उचलते. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे अंथरुणाला खिळलेले आजोबा राहतात. त्यांच्या उशाशी थकलेली आजी असते, नाहीतर शाळा बुडवून बसलेली नात. आजाऱ्याची विचारपूस सगळे करतात. "बाई, तू जेवलीस का? रात्री झोपलीस का?" असे तिला कोण विचारतो?

खाटेला चार कोपरे असतात. पहिला कोपरा कुटुंबाचा. सेवा फक्त सुनेनेच करावी, असे पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. मुलांनी आणि मुलींनीही रात्री वाटून घ्याव्यात.

दुसरा कोपरा शेजाऱ्यांचा. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या स्त्रियांना आरोग्यसेवा शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. त्यांना ते जमले, तर आजाऱ्याची कूस बदलणे, पाठीला जखम होऊ न देणे आपल्याला का जमू नये?

तिसरा कोपरा शासनाचा. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज आपण भरून द्यावा. हे पैसे आजारी, वृद्ध किंवा निराधार माणसाच्या नावे येतात. सांभाळणाऱ्याचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याची तरतूद आहे. केरळ राज्याने तर 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या व्यक्तीलाच मासिक मदत देऊ केली. आपणही ग्रामसभेत हा विषय काढावा. हक्क मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

चौथा कोपरा आपल्या धर्मग्रामाचा. एखादी भगिनी कित्येक रविवार मिस्साला दिसली नाही, तर तिची श्रद्धा कमी झाली असे म्हणू नका. या आठवड्यात दोघेजण मिळून तिच्या घरी जा. दोन तास तुम्ही आजाऱ्यापाशी बसा. तिला मिस्साला येऊ द्या, नाहीतर निवांत झोपू द्या. आणि भगिनींनो, कोणी मदतीला आले तर संकोच करू नका. त्या पक्षघाती माणसानेही चौघांना खाट उचलू दिली होती.

त्या चौघांनी त्याला बरे केले नाही. ते काम प्रभूचे होते. त्यांनी फक्त खाट उचलली. तेवढे बळ प्रभू आपल्याला देवो.

आमेन.