उसनं मत

सकाळी दहिवलीहून निघतो, उल्हासवरचा पूल ओलांडतो आणि स्टेशनबाहेर पेपर घेतो. लोकल कर्जतहूनच सुटणारी, त्यामुळे खिडकी मिळते. बदलापूरची गर्दी आत येईपर्यंत संपादकीय पान वाचून झालेलं असतं. बातम्या रात्रीच मोबाईलवर कळलेल्या असतात. मी पैसे देतो ते स्तंभलेखकांसाठी. इंजिनिअरिंगला असल्यापासूनची ही चैन.

गेल्या गणपतीत जेवणानंतर कर्जमाफीचा विषय निघाला. २०१७ साली दीड लाखापर्यंत, २०१९ साली दोन लाखांपर्यंत माफी झाली. यानं कर्ज फेडण्याची शिस्त बिघडते, असं मी ठासून सांगितलं. वाक्यं चांगली जमत होती, कारण ती आठवडाभरापूर्वी वाचलेली होती. भातशेती करणारे काका शांतपणे म्हणाले, "मलाही तसंच वाटतं. एका वर्षी तुझ्या काकूच्या पाटल्या गहाण टाकून सोसायटीचं कर्ज भरलं मी. तुला का वाटतं?"

मला उत्तर देता आलं नाही.

मत एकच होतं. मग फरक कशात होता? माझ्या कामात एक वाईट सवय असते: सहकारी हुशार आहे म्हणून त्याचा कोड न वाचताच मंजूर करायचा. कोड बहुतेक वेळा बरोबरच निघतो. पण मंजुरीखाली नाव माझं असतं, आणि तपासलेलं मी काहीच नसतं.

यावर सोपा उपाय म्हणजे अनुभव नसलेल्या विषयावर बोलूच नये. तो मला पटत नाही. काकांना पाटल्यांची किंमत माहीत आहे. म्हणून राज्याच्या तिजोरीचा हिशेब त्यांना आपोआप कळतो असं नाही. आणि ज्यांच्याकडे गहाण टाकायला पाटल्याच नव्हत्या, त्यांचं काय, हे ना मी विचारलं ना त्यांनी. कुणीच सगळं जगून पाहू शकत नाही. म्हणून तर लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये पत्रं लिहिली आणि लोकांनी ती वाचली. मतं उसनी घ्यावीच लागतात.

पण आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. आपल्या मतांपायी त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. मला माझ्या मतासाठी पेपरच्या किमतीपलीकडे काही मोजावं लागत नाही. पटलेला लेख वाचताना येणारी मजा बरीचशी याच स्वस्ताईची असावी: विचार न करता विचार केल्याचं समाधान.

उसनं घेणं वाईट नाही. उसनं आहे हे विसरणं वाईट. हिशेब विचारला गेला, तर तो देता आला पाहिजे.

पेपर मी अजून घेतो. फक्त पटलेला लेख संपला की वांगणीच्या आसपास तो मिटून ठेवतो आणि काकांचा प्रश्न स्वतःला विचारतो: तुला का वाटतं? बऱ्याचदा बदलापूर येतं, उत्तर येत नाही. त्या दिवशी ऑफिसात त्या विषयावर मी गप्प बसतो.