मी स्क्रीन का झाकली

ऑक्टोबर २०२४. ठाण्याहून सीएसएमटीला जाणारी सकाळची लोकल. फोनवर बातमी वाचत होतो. परदेशातून आणलेली एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं कस्टम्सनं 'अश्लील' म्हणून अडकवली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला होता. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, असं न्यायालयाचं म्हणणं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली, खाली स्क्रोल केलं, सूझाचं एक रेखाटन आलं. आणि शेजारच्या काकांना दिसू नये म्हणून मी स्क्रीनवर पंजा ठेवला.

न्यायालयाशी शंभर टक्के सहमत असलेला माणूस पंजा का ठेवतो?

पदमसीला हा शब्द नवा नव्हता. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत त्याचं प्रदर्शन होतं. 'लव्हर्स' या चित्रांत पुरुषाचा हात बाईच्या स्तनावर आहे. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली, हा पठ्ठ्या नाही म्हणाला. खटला झाला, तो सुटला. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच शहर, तोच चित्रकार, तोच शब्द.

शब्द मात्र मजेशीर आहे. जुन्या काव्यशास्त्रात 'अश्लील' हा एक काव्यदोष. मम्मट त्याचे तीन प्रकार सांगतो: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. म्हणजे आपल्याला पहिल्यांदा जे आठवतं, ते तिथे एका कोपऱ्यात बसलेलं होतं.

जेरोल्ड लेव्हिन्सन या अमेरिकन तत्त्वज्ञानं २००५ च्या एका निबंधात कला आणि पोर्न यांच्यातली रेघ फार स्वच्छ आखली आहे. पोर्न काचेसारखं असतं, आपण त्यातून आरपार बघतो, थेट शरीराकडे. तिथे चित्र जितकं विसरलं जाईल तितकं बरं. कला मात्र आपल्याला काचेपाशीच अडवते: ही रेघ बघ, हा रंग बघ. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून एकच वस्तू दोन्ही असू शकत नाही. रसचर्चा वाचलेल्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. रती हा भाव आणि शृंगार हा रस, यांच्यात तसंच एक अंतर आहे.

मला हे पटलं होतं. खरं तर फारच सोयीचं होतं. पण सूझाची ती रेघ, काट्यासारखी, बघतानाही मला शरीर दिसतच होतं की! एका डोळ्यानं रेघ, दुसऱ्यानं शरीर. हान्स मास नावाचा दुसरा एक तत्त्वज्ञ हेच विचारतो: दोन्ही एकदम का जमू नये?

आणि मग लाइफ ड्रॉइंगचा तो वर्ग आठवतो.

रविवारी सकाळी आम्ही बारा-पंधरा जण एका हॉलमध्ये चारकोल घेऊन बसायचो. मॉडेल म्हणून येणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. घरी त्यांनी 'झाडलोटीचं काम' सांगितलं होतं. (रवी जाधवांचा 'न्यूड' बघताना मी अर्धा वेळ मावशींनाच बघत होतो.) एका रविवारी कुणीतरी ईझलच्या आडून फोटो काढला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. माझ्यापर्यंतही आला. खिडकीतून येणारा तिरका उजेड, पाठीचा बाक. फोटो म्हणून आमच्या बहुतेक स्केचेसपेक्षा सरस. मी तो बघितला, आणि गरजेपेक्षा जास्त वेळ बघितला. पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. नंतरही नाहीत.

तीच बाई, तीच पोझ, तोच उजेड. लेव्हिन्सनची काच इथे मला काहीच सांगत नाही. फोटोत काच उत्तम होती. अश्लीलतेचा कायदाही सांगत नाही. १८६८ च्या हिकलिन खटल्यापासून त्याचा प्रश्न एकच: बघणाऱ्याचं मन बिघडेल का? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिकलिन बाजूला ठेवून समाजाचे आजचे मापदंड आणले, तरी चिंता बघणाऱ्याचीच. चित्रातल्या बाईला कुणी विचारत नाही. संमतीविना असे फोटो काढणं-पसरवणं भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा म्हणून आलं २०१३ मध्ये, वेगळ्या कलमात. ते वेगळं असणं मला आता बरोबर वाटतं. 'ही कला आहे का' आणि 'इथे कुणावर अन्याय झाला का' हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की दुसरा विचारायचाच नाही, ही सवय आपल्याला, म्हणजे स्वतःला रसिक म्हणवणाऱ्यांना, लागली आहे.

मला तर लागलेलीच होती. कारण त्याच पोझचं माझं स्केच मी इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. चित्रातली नग्नता तिथे चालते, त्यामुळे कुणी काढलंही नाही. 'काय लाइन आहे भावा' अशा कमेंट आल्या. स्केच बरं जमलं होतं, आणि जे नेमकं जमलं होतं ते मावशींचा चेहरा. ओळखणारा सहज ओळखेल इतका.

त्या वर्गासाठी पोझ द्यायला तयार झाल्या होत्या. इन्स्टाचं मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी भायखळा गेल्यावर पोस्ट डिलीट केली. कागद अजून फोल्डरमध्ये आहे. फाडायचा हातही होत नाही, आणि मावशींचा नंबर तर कधी घेतलाच नव्हता.