अस्वलाचा चातुर्मास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आषाढी एकादशी झाली आणि घरोघरी चातुर्मासाचे नेम सुरू झाले. कोणी कांदा-लसूण सोडलं, कोणी वांगं सोडलं, कोणी एकभुक्त राहतंय. ज्येष्ठ मंडळी तर वर्षानुवर्षं हा नेम चालवतात. आज उपवासावरच थोडं चिंतन करू. पण उदाहरण घ्यायचंय ते फार लांबचं, कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम काठावरचं. तिथे चर्चिल नावाचं एक छोटं गाव आहे आणि आसपास पांढरी ध्रुवीय अस्वलं राहतात.

गंमत बघा. आपला चातुर्मास आषाढी ते कार्तिकी, म्हणजे साधारण जुलै ते नोव्हेंबर. त्या अस्वलांचाही उपवास तेवढाच. उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ वितळला की ती जमिनीवर येतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास समुद्र पुन्हा गोठला की परत जातात. त्यांचं खरं अन्न म्हणजे सील, आणि सीलची शिकार होते ती बर्फावरूनच. श्वास घ्यायला सील बर्फाच्या भोकाशी येतो, अस्वल तिथे तासन् तास निश्चल बसून राहतं. बर्फ नाही तर बैठक नाही, आणि बैठक नाही तर घास नाही. हिवाळा-वसंतात साठवलेल्या चरबीवर ते बाकीचे महिने काढतं. ही ईश्वराची योजनाच आहे, त्यात दुःख मानायचं कारण नव्हतं.

अडचण आता आली आहे. 1980च्या दशकाशी तुलना केली तर तिथला बर्फाविना काळ तीन-चार आठवड्यांनी वाढला आहे. आपल्याकडे 2023 साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. आपल्याला ते पंचांगाने आधीच सांगितलं होतं, आणि नेम जड गेला तर सवलतही होती. त्या अस्वलांना अधिक महिना आता जवळजवळ दरवर्षी येतो, न सांगता येतो, आणि सवलत कुठलीच नसते.

मंडळी, याचा शरीरावर काय परिणाम होतो ते नीट समजून घ्या. चरबी संपत आली की शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागतं. गाभण मादीचा उपवास तर सगळ्यात मोठा, सुमारे आठ महिन्यांचा. त्याच काळात बिळात पिल्लं जन्मतात, वजन जेमतेम सहा-सातशे ग्रॅम. आई स्वतः काही न खाता त्यांना दाट, तुपासारखं दूध पाजते. पुढच्या उन्हाळ्यात पिल्लांना घेऊन ती पुन्हा किनाऱ्यावर येते, आणि उपवास लांबला की तिचं दूध आटतं. स्वतः जगली तरच पिल्लांना पुढे कोणीतरी असेल, म्हणून शरीर दूध थांबवतं. त्या भागातल्या अस्वलांची संख्या 1987 साली सुमारे 1200 होती, 2021च्या मोजणीत ती 618च्या आसपास आली.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात अजगर आहे. मिळालं तर खावं, नाही मिळालं तर शांत पडून राहावं, ही त्याची शिकवण. आता ऐका. शास्त्रज्ञांनी याच भागात 2019 ते 2022 या काळात 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधले आणि उन्हाळ्यातले सुमारे तीन आठवडे त्यांचं वागणं पाहिलं. काही अस्वलं अजगरासारखी निपचित पडून राहिली. काही वणवण फिरली; बोरासारखी रानफळं, गवत, मेलेले पक्षी, जे मिळेल ते खाल्लं. काही तर समुद्रात लांबवर पोहत गेली. दोघांना पाण्यात मेलेलं जनावरही सापडलं, पण पायाखाली बर्फ नसल्याने ते खाता आलं नाही. शेवटी 20 पैकी 19 अस्वलांचं वजन घटलं, सरासरी रोज एक किलो. संतोष धरणारा आणि धडपड करणारा, दोघांची गत एकच झाली.

इथे काही जण म्हणतील, ज्याचं त्याचं प्रारब्ध. मायबापहो, हा शब्द जपून वापरा. प्रारब्धाचा विचार आहे तो स्वतःचं दुःख सोसायला बळ मिळावं म्हणून. दुसऱ्याच्या दुःखापुढे आपण सोयीसाठी तो शब्द काढला, तर ते अध्यात्म नाही, नुसती निष्ठुरता आहे. त्यातून इथे तर आपलाही हात आहे. संशोधकांनी 2016 साली हिशेब मांडला, की एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की सप्टेंबरमधला सुमारे तीन चौरस मीटर समुद्री बर्फ कमी होतो. साधारण 430 लिटर पेट्रोल जाळलं की एक टन धूर होतो. म्हणजे गाडी साडेसहा हजार किलोमीटर चालली, की दोघा-तिघांनी मांडी घालून बसावं एवढ्या सतरंजीभर बर्फ गेला. गाडी आपल्या दारात फिरते आणि सतरंजी दुसऱ्या कोणाच्या पायाखालून ओढली जाते. कर्माचं फळ लांब जाऊन पडलं, म्हणून ते आपलं नाही असं होत नाही.

एक गोष्ट सत्याबद्दलही. कॅनडात चित्रित झालेला एका हाडकुळ्या अस्वलाचा व्हिडिओ 2017 साली जगभर फिरला. पुढे 2018मध्ये नॅशनल जिओग्राफिकनेच मान्य केलं, की त्या एका अस्वलाची अवस्था थेट हवामानबदलामुळे झाली असं सुचवणं जास्तच झालं. ते आजारी किंवा जखमीही असू शकेल. ध्रुवाभोवती अस्वलांचे अनेक समूह मानले जातात आणि सगळ्यांची स्थिती सारखी नाही. अलास्का आणि रशियाच्या मधल्या चुकची समुद्रात गेल्या दशकातल्या पाहणीत अस्वलं चांगली धष्टपुष्ट आढळली होती. म्हणून करुणा येईल तेव्हा सत्याचा हात सोडू नका. रडवणारा व्हिडिओ पुढे ढकलणं म्हणजे दया नव्हे.

मग दया म्हणजे काय? आपण उपवास स्वेच्छेने करतो. संध्याकाळी पारणं आहे हे ठाऊक असतं, म्हणून तो तप होतो. ज्याला पारण्याची खात्री नाही त्याचा उपवास तप नसतो, ती उपासमार असते. हा फरक ज्याला कळला, त्याच्या उपवासाला अर्थ आला. नाहीतर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शिकरण, एवढ्यावर एकादशी साजरी होते आणि भोग कुठेच कमी होत नाही!

तेव्हा या चातुर्मासात एक पदार्थ सोडलात, त्याच्या जोडीला यातला एक तरी नेम घ्या:

1. उत्सवाला, सत्संगाला एका घरातून दोन-तीन गाड्या नकोत. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, आपापल्या केंद्राने मिळून एक बस करावी. वाटेत नामस्मरणही होतं.

2. महाप्रसादाच्या ताटात काही टाकू नये. अन्न पिकवायला, आणायला, शिजवायला इंधन जळालेलं असतं.

3. रिकाम्या खोलीतला पंखा, दिवा, एसी बंद करणं ही सेवा मानावी. हे काम घरातल्या मुलांकडे द्या, ती मोठ्यांना बरोबर धरतील.

एका घराने केल्याने समुद्र गोठणार नाही, हे खरं. पण आपण नाम घेतो तेव्हा एका जपाने मोक्ष मिळेल, असा हिशेब कुठे करतो? कर्तव्य म्हणून करतो, रोज करतो, आणि सगळे मिळून करतो. हाही जपच समजा.

कार्तिकीला आपण पारणं सोडू, तेव्हा तिकडे काठावर कोणीतरी समुद्राकडे तोंड करून गोठणाची वाट पाहत उभं असेल. पहिला घास घेण्याआधी क्षणभर त्याचीही आठवण ठेवा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏